३.९ नंतर ३.१० कसे?

कवठे महांकाळ येथे पदार्थविज्ञान शिकवताना साध्या लंबकाचा प्रयोग मी अनेक वर्षे घेत आलो आहे. लंबकाची लांबी आणि दोलनकाल मोजायचा, आलेख काढायचा आणि त्यावरून गुरुत्व त्वरणाची किंमत काढायची. काही वर्षांपूर्वी हा आलेख विद्यार्थ्यांनी संगणकावर काढावा म्हणून मी पायथॉन या संगणकीय भाषेत एक छोटी आज्ञावली लिहिली. आज्ञावली चालण्यासाठी संगणकावर पायथॉनची ३.६ किंवा त्यापुढची आवृत्ती हवी होती. म्हणून सुरुवातीलाच मी एक तपासणी घातली. आवृत्तीच्या क्रमांकातील पहिली तीन चिन्हे घ्यायची, त्यांची संख्या करायची, आणि ती ३.६ पेक्षा लहान असेल तर ‘हा पायथॉन जुना आहे, शिक्षकांना भेटा’ अशी सूचना पडद्यावर दाखवायची.

दोन वर्षे सारे सुरळीत चालले. मग प्रयोगशाळेत काही नवे संगणक आले आणि त्यांच्यावर पायथॉनची ताजी आवृत्ती बसवली गेली. प्रात्यक्षिकाच्या दिवशी जुन्या संगणकांवर आलेख व्यवस्थित उमटले. नव्या संगणकांपुढे बसलेले विद्यार्थी मात्र एकामागून एक उठून माझ्याकडे येऊ लागले. प्रत्येकाच्या पडद्यावर एकच सूचना होती : हा पायथॉन जुना आहे!

सर्वांत नवे संगणक सर्वांत जुने कसे ठरले? चूक संगणकाची नव्हती, माझीच होती. नव्या संगणकांवर पायथॉनची ३.१० ही आवृत्ती होती. तिची पहिली तीन चिन्हे घेतली की उरते ३.१, आणि ३.१ ही संख्या ३.६ पेक्षा लहान आहे. प्रत्यक्षात पायथॉन ३.१ ही आवृत्ती २००९ साली आली आणि ३.१० ही २०२१ साली. मधली बारा वर्षे माझ्या आज्ञावलीने एका शून्याबरोबर पुसून टाकली होती.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या मोबाईलवर, शाळेतील संगणकावर, बँकेत आणि रेल्वेच्या आरक्षण खिडकीमागे अशा क्रमांकांच्या हजारो आज्ञावली चालू असतात. या क्रमांकांची रीत काय आहे आणि ते वाचताना माणसे आणि यंत्रे कोठे फसतात, हे आज आपण पाहू.

टिंब एक, अर्थ अनेक

प्रथम एका टिंबाकडे पाहू. गणिताच्या तासाला ४.३ असे लिहिले की आपण ते ‘चार दशांश तीन’ असे वाचतो. पण क्रिकेटच्या धावफलकावर ‘४.३ षटके’ असे दिसले, तर त्याचा अर्थ चार पूर्ण षटके आणि तीन चेंडू असा असतो. षटकात सहा चेंडू असल्याने ही साडेचार षटके झाली. समजा, एखाद्या संघाने ४.३ षटकांत २७ धावा केल्या, तर धावगती २७ भागिले ४.५, म्हणजे बरोबर ६ येते. गणकयंत्रावर २७ भागिले ४.३ केले, तर ६.२८ असे चुकीचे उत्तर येईल. ४.५ षटकांनंतर पुढच्या चेंडूला ५ षटके होतात, हे सांगायला आपल्याला कोणी गुरू लागत नाही. तेथला संकेत आपल्या अंगवळणी पडलेला असतो.

आता विज्ञानाचे पाठ्यपुस्तक उघडा. एखाद्या लांबलचक प्रकरणात ३.८, ३.९ या उपविभागांनंतर ३.१० हा उपविभाग येतो. येथे टिंबाच्या दोन बाजूंना दोन स्वतंत्र पूर्णांक आहेत : प्रकरण तिसरे, उपविभाग दहावा. आणखी घरगुती उदाहरण सातबाऱ्याचे. ७/१२ म्हणजे सात भागिले बारा असे कोणताही शेतकरी म्हणणार नाही. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा या दोन नमुन्यांचा तो एकत्रित उतारा आहे.

आज्ञावलीचा आवृत्ती-क्रमांक पाठ्यपुस्तकातील उपविभागासारखा वाचायचा असतो. ३.१० हे ‘तीन दशांश एक शून्य’ नसून ‘तीन, दहा’ असे आहे. म्हणून ते ३.९ नंतर येते. व्हर्नियर कॅलिपरने मोजताना ३.१ सेंमी आणि ३.१० सेंमी यांत सार्थ अंकांचा फरक असतो, पण लांबी तीच असते. आवृत्ती-क्रमांकात ३.१ आणि ३.१० या सर्वस्वी वेगळ्या वस्तू आहेत.

याचे मूळ कारण असे की आवृत्ती-क्रमांक ही भौतिक राशी नाही. लांबी, वस्तुमान, काळ या राशींची बेरीज करता येते, सरासरी काढता येते. हजेरीपटावरील क्रमांकांची सरासरी काढून काहीच हाती लागत नाही. आमच्या भागातील शीतगृहांत बेदाण्याच्या प्रत्येक लॉटला क्रमांक असतो. पंचविसाव्या लॉटचे वजन चोविसाव्यापेक्षा जास्तच असेल, असे कोणी मानत नाही. आवृत्ती-क्रमांक हा याच जातीचा आहे. तो अंकांत लिहिलेला असला, तरी काम करतो ते नावाचे.

तीन आकड्यांचे वचन

मग या नावात टिंबे कशासाठी घालतात? तुमच्या पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर ‘प्रथमावृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ यांची वर्षे छापलेली असतात. पुनर्मुद्रणात छपाईच्या चुका दुरुस्त झालेल्या असल्या, तरी थोरल्या भावाचे पुस्तक धाकट्या बहिणीला चालते. एखादा पाठ नव्याने घातला, तर जुने पुस्तक बरेचसे चालते, पण तेवढा पाठ मिळवावा लागतो. अभ्यासक्रमच बदलला, तर जुने पुस्तक रद्दीतच जाते.

आज्ञावलीतील बदलांचेही असेच तीन प्रकार करता येतात. टॉम प्रेस्टन-वर्नर या अमेरिकन आज्ञावलीकाराने हा संकेत नियमांच्या रूपात मांडला. त्या नियमावलीची २.०.० ही आवृत्ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. म्हणजे नियमावलीनेही आपला क्रमांक आपल्याच रीतीने लिहिला! या रीतीत क्रमांकाचे तीन भाग असतात. समजा, क्रमांक २.४.१ आहे. केवळ चूक दुरुस्त केली, तर शेवटचा आकडा वाढवून २.४.२ करायचे. जुने काही न मोडता नवी सोय घातली, तर मधला आकडा वाढवायचा आणि शेवटचा शून्यावर आणायचा : २.५.०. जुन्या वापरात मोडतोड होईल असा बदल केला, तर पहिला आकडा वाढवायचा : ३.०.०. पहिला आकडा शून्य असेल, तर वस्तू अजून कच्ची आहे आणि तीत केव्हाही काहीही बदलू शकते, असे समजायचे.

यात एक सोय साधली आहे. एक आज्ञावली दुसरीच्या आधारावर आणि दुसरी तिसरीच्या आधारावर उभी असते. आधाराची नवी आवृत्ती आली, की ती लगेच घ्यावी की थांबावे, हे क्रमांकाकडे नुसते पाहून ठरवता येते. अर्थात हे वचन देणारे माणूसच असते. दुरुस्ती म्हणून केलेल्या बदलाने कोणाचे तरी काम मोडू शकते. शिवाय सर्वांनी हे वचन दिलेलेच नाही. पायथॉनच्या ३.१२ या आवृत्तीत, २०२३ साली, पूर्वीपासून असलेला एक भाग काढून टाकण्यात आला, आणि पहिला आकडा मात्र ३ च राहिला. असा भाग काढण्याची सूचना पायथॉनचे कर्ते काही आवृत्त्या आधी देतात. म्हणून प्रत्येक आज्ञावलीचा संकेत तिच्या माहितीपत्रकात वाचावा लागतो.

पहिला आकडा बदलतो तेव्हा

पहिल्या आकड्याचे महत्त्व पदार्थविज्ञानाच्या एका उदाहरणाने पटेल. २ किलोग्रॅम वस्तुमानाची वस्तू सेकंदाला ३ मीटर वेगाने जात आहे. तिची गतिज ऊर्जा किती? १/२ गुणिले २ गुणिले ३ गुणिले ३, म्हणजे ९ ज्यूल. हे सूत्र याच क्रमाने पायथॉन ३ मध्ये लिहिले तर उत्तर ९ येते. पायथॉन २ मध्ये तेच लिहिले, तर उत्तर येते शून्य!

कारण असे की पायथॉन २ मध्ये दोन पूर्णांकांचा भागाकारही पूर्णांकच मिळत असे. १ भागिले २ याचे उत्तर तेथे ०.५ ऐवजी ० असे धरले जाई. शून्याला पुढे कशानेही गुणले तरी शून्यच. या प्रकारात धोका असा की संगणक ‘चूक झाली’ असे कुठेही सांगत नाही. तो निमूटपणे शून्य छापतो, आणि घाईत असलेला विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतो.

पायथॉन ३ ची पहिली आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली. जुन्या आज्ञावल्या सुधारून घेण्यास लोकांना वेळ मिळावा म्हणून पायथॉन २ ची देखभाल पुढे बरीच वर्षे चालू राहिली आणि १ जानेवारी २०२० रोजी ती थांबवण्यात आली. एक आकडा बदलण्याला अकरा वर्षे लागली, असे म्हणता येईल.

संगणकही फसतो

माझी चूक संख्या आणि नाव यांतील गोंधळाची होती. दुसरी चूकही तितकीच सर्रास होते. क्रमांकाला संख्या न मानता शब्द मानले, तर संगणक शब्दकोशाप्रमाणे डावीकडून एकेक चिन्ह ताडून पाहतो. ‘३.१०’ आणि ‘३.९’ यांत पहिली दोन चिन्हे सारखी आहेत. तिसऱ्या जागी एकीकडे १ आहे आणि दुसरीकडे ९. एक हा नवाच्या आधी येतो, म्हणून ३.१० आधी आणि ३.९ नंतर, असा निवाडा संगणक देतो. पुढे शून्य आहे याकडे तो बघतही नाही. योग्य रीत अशी : टिंबापाशी क्रमांक तोडावा, प्रत्येक तुकडा पूर्णांक मानावा, आणि डावीकडून तुकड्यांची तुलना करावी. पहिले तुकडे ३ आणि ३, सारखे. दुसरे तुकडे १० आणि ९. दहा मोठे, म्हणून ३.१० पुढचे.

अशा चुका इतक्या पसरलेल्या आहेत की मोठमोठ्या कंपन्यांना त्यांच्यापुढे मान तुकवावी लागली. २००९ साली ऑपेरा या न्याहाळकाची, म्हणजे संकेतस्थळे पाहण्याच्या आज्ञावलीची, दहावी आवृत्ती आली. तेव्हा अनेक संकेतस्थळे क्रमांकाचा फक्त पहिला अंक वाचत. त्यांना १० ऐवजी १ दिसला असता आणि त्यांनी नव्या ऑपेराला पुरातन ठरवले असते. म्हणून ऑपेरा १० संकेतस्थळांना आपला क्रमांक ९.८० असा सांगत असे. २०२२ साली क्रोम आणि फायरफॉक्स हे न्याहाळक शंभराव्या आवृत्तीला पोचले. त्या वेळी तीन अंकी क्रमांकाने काय बिघडते, हे पाहण्याची सोय त्यांनी आधीच करून ठेवली होती. २००९ च्याच विंडोज ७ ची कथाही अशीच आहे. वेष्टनावर ७ असले, तरी आतला क्रमांक ६.१ असा ठेवला होता, कारण पहिला आकडा बदलला असता तर अनेक जुन्या आज्ञावल्या अडल्या असत्या.

प्रत्येकाची रीत निराळी

उबुंटू या संगणक प्रणालीत क्रमांक म्हणजे चक्क दिनदर्शिका असते. २४.०४ म्हणजे २०२४ सालचा एप्रिल आणि २४.१० म्हणजे त्याच सालचा ऑक्टोबर. लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स मधला आकडा फार मोठा झाला की पहिला आकडा वाढवतो. २०१५ साली ३.१९ नंतर ४.० आले आणि २०१९ साली ४.२० नंतर ५.०. त्या उडीमागे मोठी क्रांती नव्हती. हातापायांची बोटे मोजून संपली, असा विनोद तो स्वतः करतो.

सर्वांत गमतीची रीत डोनाल्ड नूथ यांची. गणिती मजकूर सुबक छापण्यासाठी त्यांनी टेक ही आज्ञावली लिहिली. तिच्या तिसऱ्या आवृत्तीपासून प्रत्येक सुधारणेबरोबर क्रमांकात पायचा एक अंक वाढतो : ३.१, ३.१४, ३.१४१ असे. २०२१ साली तो ३.१४१५९२६५३ पर्यंत आला. आपल्या मृत्यूनंतर क्रमांक कायमचा पाय करावा आणि आज्ञावलीला हात लावू नये, असे नूथ यांनी सांगून ठेवले आहे. येथे टिंब खरोखरच दशांश चिन्ह आहे!

मोठा क्रमांक सुरक्षित असतो का?

आतापर्यंतच्या चुका हसण्यावारी नेण्यासारख्या वाटतील. पण डिसेंबर २०२१ मध्ये आवृत्ती-क्रमांक अचूक वाचणे हा जगभरच्या संगणक-व्यवस्थापकांच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा प्रश्न झाला. जावा या भाषेतील असंख्य आज्ञावल्या आपल्या कामाची रोजनिशी लिहिण्यासाठी लॉगफोरजे नावाचा एक तयार भाग वापरतात. त्यात एक भयंकर दोष सापडला. एक विशिष्ट मजकूर पाठवला आणि तो रोजनिशीत नोंदला गेला, की दूरच्या माणसाला त्या संगणकावर हवी ती आज्ञा चालवता येत होती. २.० च्या नवव्या बीटा आवृत्तीपासून २.१४.१ पर्यंतच्या आवृत्त्यांत हा दोष होता. त्यावर दुरुस्त केलेली २.१५.० ही आवृत्ती आली. ती अपुरी ठरल्याने त्याच महिन्यात २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ याही आल्या.

आता समजा, एखाद्या व्यवस्थापकाच्या संगणकावर २.९.१ ही आवृत्ती आहे. दशांशाच्या सवयीने तो म्हणेल, ‘२.९ हे २.१५ पेक्षा मोठे, म्हणजे आपण निर्धास्त!’ आणि दार सताड उघडे राहील.

याच प्रसंगात आणखी एक खाचखळगा दिसतो. ज्यांना जुनी जावा सोडणे शक्य नव्हते, त्यांच्यासाठी २.१२.२ ही निराळी दुरुस्त आवृत्ती काढण्यात आली. २.१२.२ हा क्रमांक २.१४.१ च्या आधीचा आहे, पण पहिल्याच्या पोटात दुरुस्ती आहे आणि दुसऱ्याच्या नाही. द्राक्षबागेत एका खोडावर दोन दिशांना दोन ओलांडे नेलेले असतात आणि दोन्हींवर काड्या फुटत राहतात. आज्ञावलीच्या आवृत्त्याही अशाच फुटतात. क्रमांक लहान आहे एवढ्यावरून ती काडी आधी फुटली, असे सांगता येत नाही.

आपले ॲ आणि आपला रुपया

शेवटी आपल्या लिपीकडे वळू. संगणकात प्रत्येक अक्षराला एक ठरावीक अंक दिलेला असतो. जगातील लिप्यांचे हे अंक युनिकोड या संहितेत नोंदलेले आहेत, आणि या संहितेलाही आवृत्ती-क्रमांक आहेत. मराठीत ‘ॲसिड’, ‘ॲल्युमिनियम’ या शब्दांचे पहिले अक्षर आपण लिहितो. त्या अक्षराला स्वतंत्र अंक मिळाला तो युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ साली. त्याआधी लोक अ लिहून त्यावर अर्धचंद्र चढवत. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे आहेत. त्यामुळे नव्या रीतीने ‘ॲसिड’ लिहून शोध घेतला, तर जुन्या रीतीने लिहिलेला लेख समोर असूनही सापडत नाही, असे घडू शकते.

रुपयाच्या चिन्हाचेही तसेच. डी. उदय कुमार यांनी रेखाटलेले ₹ हे चिन्ह भारत सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते युनिकोड ६.० मध्ये दाखल झाले. त्याआधीच्या संगणकांवर नव्या अक्षरसंचाशिवाय त्याच्या जागी रिकामी चौकट दिसे. युनिकोडचा पहिला आकडा ५ वरून ६ झाला, तरी जुने एकही अक्षर काढले गेले नाही. एकदा दिलेला अंक परत घ्यायचा नाही, हा तिथला नियम आहे. म्हणजे पहिला आकडा बदलल्याचा अर्थ पायथॉनमध्ये एक आणि युनिकोडमध्ये दुसराच!

करून पाहा

शाळेतील संगणकावर कोष्टकाची आज्ञावली उघडा. एका स्तंभात ‘चाचणी १’पासून ‘चाचणी १२’पर्यंत नावे, इंग्रजी अंक वापरून, एकाखाली एक लिहा आणि ती क्रमाने लावण्याची आज्ञा द्या. दहावी चाचणी कोठे जाते ते पाहा. मग एका रिकाम्या चौकोनात इंग्रजी अंकांत ३.१० असे लिहा आणि शून्याचे काय होते ते पाहा. त्यानंतर पुढील आवृत्त्या जुन्याकडून नव्याकडे लावा : २.१०, २.०.१, २.९, २.० बीटा ९, २.०. (उत्तर : २.० बीटा ९, २.०, २.०.१, २.९, २.१०. बीटा म्हणजे पक्क्या आवृत्तीच्या आधीची परीक्षणासाठी दिलेली आवृत्ती, म्हणून ती सर्वांत आधी.)

प्रयोगवहीत आपण उपकरणाचे नाव आणि त्याचे लघुतम माप लिहितो, कारण त्याशिवाय मापनाला अर्थ राहत नाही. संगणकावर आकडेमोड केली असेल, तर त्याशेजारी आज्ञावलीचे नाव आणि तिचा पूर्ण आवृत्ती-क्रमांक, शेवटच्या शून्यासह, लिहीत चला. आमच्या प्रयोगशाळेत आता तो नियम आहे. माझी आज्ञावलीही मी दुरुस्त केली आहे. ती आता टिंबापाशी क्रमांक तोडते आणि नव्या संगणकांना जुने म्हणत नाही.